हात खाली आला

“लांब! आणखी लांब! दोराच्या बाहेर व्हा सगळे! माझ्या आवाजाच्या कडेला उभे ऱ्हा!”

लता जागच्या जागी थबकली. हातात झेंडूची अर्धी भरलेली पिशवी, समोर फुलवाली चिमणाबाई तराजू धरून “आणखी पाव घालू का बाई?” विचारते आहे, आणि हिला काही ऐकूच येईना. दसऱ्याच्या आदल्या सकाळी नदीकाठच्या फुलबाजारात काय काय कानावर पडतं, भाव पडतात, शिव्या पडतात, पण हे शब्द बाजारातले नव्हते. हे तिच्या घरातले शब्द. तिच्या नवऱ्याचे. आणि नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. दुसरा कुणी असता तर दहा हात लांब व्हा म्हणाला असता, वीस हात म्हणाला असता. मल्हारीचं मापच निराळं, म्हणे माझ्या आवाजाच्या कडेला. आवाज जिथं जेमतेम पोचतो तिथं माणसानं उभं राहायचं, त्याच्या अलीकडे नाही. मंडळी हसायची त्याला. म्हणायची, ओव्हरसीयरसाहेब, तुमचा आवाज तर पार त्र्यंबकला पोचतो, आम्ही काय तिथं जाऊन उभं राहायचं? आणि आता हे शब्द गर्दीच्या पलीकडून, भलत्याच घशातून, चिरक्या आवाजात येत होते. “राहू दे पाव,” ती चिमणाबाईला म्हणाली, आणि मन नको नको म्हणत असतानाच तिचे पाय आवाजाकडे वळले.

गटारीचे पाइप टाकायला रस्ता खणून ठेवलेला, आणि त्या चरात फुलांच्या एका टेम्पोचं मागचं चाक गेलं होतं. टेम्पो एका कुशीवर कललेला, आतल्या झेंडूच्या गोण्या एका बाजूला सरकलेल्या. पुढं एक ट्रक उभा, दोघांच्या मध्ये तारेचा दोर, अजून सैल, जमिनीवर पडलेला. आणि त्या दोराच्या कडेनं एक माणूस दोन्ही हात पसरून लोकांना मागं रेटत होता. धोतर नाही, पँट. पायात चिखलानं भरलेल्या वहाणा. डोक्यावर पांढरी टोपी, तिच्याखाली तेवढेच पांढरे केस. लोक हसत होते. एक म्हातारी टोपलं घेऊन मुद्दाम दोरावरून पलीकडे गेली तर त्यानं तिला हाताला धरून माघारी आणलं. “सोड रे मेल्या, दोरच हाय, साप हाय का?” म्हातारी करवादली. “सापच हाय मावशे,” तो म्हणाला, “तुला ठावं नाय.” तेव्हा लतानं त्याला ओळखलं. चंदर. चंदरभाऊजी, मल्हारीचा दोस्त. केस कधी पिकले यांचे? चाळिशीच्या अलीकडचा, काळ्याभोर मिशांचा माणूस, पिंपळगावला द्राक्षाची बाग, हसला की खांदे हलायचे. पटकन मागं फिरावं, गर्दीत मिसळावं, घरी जावं असं तिला वाटलं. पण ती गेली नाही, कारण सात वर्षं तिला या माणसाशी एकच भांडण भांडायचं होतं आणि ते भांडण तिच्या जिवाचं होतं.

तशी ती आज बाजारात यायचीच नव्हती. सात दसरे तिनं दाराला तोरण म्हणून आंब्याचा एक टहाळा खोचला आणि सण उरकला. झेंडू नाही. ऑफिसात सगळ्या टायपरायटरांना, कपाटांना, साहेबांच्या गाडीला हार पडायचे, शिपाई हिच्या टपालाच्या टेबलावरही दोन फुलं ठेवून जायचा, ती फायलीनं हळूच बाजूला सारायची. मल्हारीच्या जागी खात्यानं तिला घेतलं तेव्हापासून हे असंच. पण या वर्षी कुंदानं लुना घेतली. पोरीचा स्वतःच्या पगारातला पहिला खर्च, त्यामुळे लुना दिवसातून चारदा पुसायची. काल रात्री जेवताना म्हणाली, “आई, लुनाला हार कर ना. तू पूर्वी जीपला करायचीस तसा. तीन पदरी.” लताच्या हातातला घास तसाच राहिला. एवढ्याशा पोरीला तीन पदर कसे आठवले? तेरा वर्षांची होती तेव्हा, त्या रविवारी मामाकडे सटाण्याला होती म्हणून वाचली बघण्यापासून. “करीन,” लता म्हणाली. नाही कसं म्हणणार? नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि ते तिनं एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि त्या माणसानं ते खरं मानलं नव्हतं.

आता तिथं उभं राहून ती चंदरच्या हाताकडे बघत होती आणि तिला दिसत होतं ते मल्हारीचं अंगण. कॅनॉल रोडचं भाड्याचं घर, पुढं कडुनिंब, कडुनिंबाखाली लष्कराच्या लिलावातून आणलेली जीप. देवळालीला लिलाव व्हायचा, तिथं मल्हारी, चंदर आणि आणखी तिघे अशा पाच जणांनी पाच मोडक्या जीपा उचलल्या आणि त्या नीट करता करता यांची दोस्ती झाली. मग दर दुसऱ्या रविवारी निघायचे, कधी पेठकडे, कधी हरसूलकडे, जिथं रस्ता संपतो तिथून यांची मजा सुरू. बायकापोरं, डबे, पाण्याच्या कळश्या, सगळं लटांबर बरोबर. गाड्या रुतायच्या. रुतायलाच तर जातात हे, असं लताची सासू म्हणायची. आणि गाडी रुतली की माणसं धावतात, आपल्याकडची रीतच आहे ती. कुणाचीही बैलगाडी रुतो, वाटेनं जाणारा परका माणूससुद्धा बाह्या सावरून चाकाला हात लावतो, आणि कडेला उभा राहिलेल्याला सगळे विचारतात, बघत काय उभा राहिलास? मल्हारीची लढाई या रीतीशी होती. तो आपल्या लोकांना सांगायचा, पाड्यावरून धावत आलेल्या लोकांनाही हात जोडून सांगायचा, की बाबांनो, चाकाला हात लावायचा तो दोर बांधायच्या आधी. एकदा तारेचा दोर हुकात गेला की सख्ख्या आईनंसुद्धा जवळ यायचं नाही. ताणलेला दोर सुटला तर तो कुणाला ओळखत नाही. मग आईची जुनी गोधडी दोराच्या मधोमध अंथरायची, म्हणजे सुटलाच तर तिच्या वजनानं खाली बसेल. रुतलेल्या गाडीचं बॉनेट उघडून उभं करायचं, म्हणजे आतल्या माणसापुढं लोखंडाची आड झाली. आणि बोलायचं एकट्यानं. बाकी सगळ्यांची तोंडं बंद. तो दोराबाहेर बाजूला उभा राहणार, हात वर म्हणजे थांबा, हात खाली आला की ओढा. हे सगळं तो अंगणातसुद्धा करून घ्यायचा, कडुनिंबाला दोर बांधून, शेजाऱ्यांच्या देखत. लताला शरमून मेल्यासारखं व्हायचं.

असा माणूस. बोलणं म्हणजे हुकूम. चहा चांगला झाला तर पिऊन टाकायचा, वाईट झाला तर सांगायचा. नवी साडी नेसून समोर आली तर विचारायचा, कुठं बाहेर निघालीस? देवधर्माचं नाव नको. सासू चतुराबाई देव्हाऱ्यापुढं बसवायला बघायची, तर हा म्हणायचा, तू वाकतेस ना माझ्या वाटचं, पुरे. लतानं पहिल्यांदा जीपला हार केला तेव्हा तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, “हार घालून गिअर पडतात का?” पण काढला नाही. काढला नाही हेच तिनं खूप मानलं. दर दसऱ्याला ती पहाटे उठून बसायची, झेंडू, मधे शेवंती, आंब्याची पानं, तीन पदर, एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत झुलणारा हार. तो दुसऱ्या दिवशी म्हणायचा, “हा कचरा कधी काढतेस?” आणि फिरायला निघायच्या आधी स्वतःच्या हातानं सोडून कुंपणावर टाकायचा. त्या वर्षी मात्र टाकला नाही. दसऱ्यानंतरचा रविवार, सुकायला लागलेला हार तसाच पुढं, आणि हा गाडी सुरू करून बसलेला. लता डबे ठेवता ठेवता म्हणाली, “हार काढायचा राहिला.” तर म्हणाला, “राहू दे. त्याचं काय ओझं होतंय?” एवढंच. संसारात इतक्या वर्षांत तिला मिळालेलं हे सगळ्यात मऊ बोलणं. हरसूलच्या रस्त्याला लागेपर्यंत ती मनातल्या मनात तेच चघळत होती, आणि स्वतःलाच हसत होती, काय ग बाई, एवढ्यावर खूश?

हरसूलच्या पलीकडे एक ओहोळ होता. पाऊस सरला होता तरी तळाला गाळ होता, कडेला नागलीची शेतं. पहिली गाडी चंदरची, ती पार झाली. दुसरी यांचीच, ती बसली, पुढची चाकं अर्धी आत. मग नेहमीचं सुरू झालं. सगळे खाली उतरा. दोर. गोधडी. आणि मल्हारीनं लताला सांगितलं, “तू बस स्टिअरिंगवर.” बाकीच्यांनी चेष्टा केली, साहेबांचं राज्य घरात पण आणि ओढ्यात पण. पण त्याला ठाऊक होतं की लता सांगितलं तेवढंच करेल, स्वतःची अक्कल चालवणार नाही. त्यानंच कॅनॉल रोडवर तिला गाडी शिकवली होती, ओरडून ओरडून. “बॉनेट वर करतोय,” तो म्हणाला, “पुढचं काही दिसणार नाही. घाबरायचं नाही. डोकं बाहेर काढायचं नाही. फक्त माझा आवाज ऐकायचा.” त्यानं बॉनेटच्या दोन्ही खिट्ट्या सोडल्या आणि बॉनेट उचलून काचेवर टेकवलं. लतापुढं हिरवं पत्र्याचं भिंताड उभं राहिलं. कडेला फक्त एक फट, तिच्यातून मडगार्ड दिसायचं, थोडा चिखल, थोडं ऊन. हाराची टोकं त्या खिट्ट्यांनाच बांधलेली होती, त्या सुटल्या की गाठीही सैल होणार, हे कुणाच्या लक्षात यावं? तिच्याही आलं नाही. चंदरची गाडी पुढं गुरगुरत होती. मल्हारी त्याच्या जागी, बाजूला, दोराबाहेर, हात वर करून उभा असणार. तसा तो नेहमीच असायचा. मग त्या फटीतून तिला केशरी काहीतरी मडगार्डवरून सरकताना दिसलं. हळू, मग भरकन, खाली चिखलात. आणि त्याच्यामागं एक हात आला. मनगटावर घड्याळ, ओल्या बाहीची दुमड. तो हात फुलांकडे वाकला. तिला दिसलं ते एवढंच. पुढच्या क्षणाला जीप हलली, कुठंतरी लोखंड ओरडलं, आणि बॉनेटवर कुणी घण घालावा तसा आवाज झाला, आणि ती आवाजाची वाट बघत बसली, त्याच्या आवाजाची. क्लचवर पाय दाबून. डोकं बाहेर न काढता. बाहेर सगळे किंचाळत होते तरी ती बसून होती, कारण तिला फक्त त्याचाच आवाज ऐकायचा होता.

दोर चंदरच्या गाडीच्या बाजूनं सुटला होता. गोधडीनं थोडा अडवला, पुरता नाही. बॉनेटमध्ये एक खोल पोचा पडला आणि त्या पोच्यामागं लता जिवंत राहिली. मल्हारीला गाडीत घालून नाशिकला आणेपर्यंत काही उरलं नव्हतं. त्याच्या मुठीत झेंडूच्या पाकळ्या होत्या म्हणावं तर तसंही नाही. हात धुतलेले होते तिनं बघितले तेव्हा. आणि लोक बोलायला लागले. लोक बोलणारच. चंदरनं घाई केली. माणूस दोरावर असताना ओढतो कोण? चंदर पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगत सुटला, “अरे, हात खाली आला! देवाशप्पत हात खाली आला!” मंडळी खाली बघायची. मल्हारीसारखा माणूस, सगळ्या जगाला लांब व्हा सांगणारा, स्वतः दोरावर जाऊन खूण करील? वेड लागलं का त्याला? दुसऱ्या दिवशी चंदरनं सांगणं सोडलं. तेराव्याला आला, कोपऱ्यात बसला, पाण्याला शिवला नाही. लतानं त्याला आतल्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं, भाऊजी, तुमची चूक नाही, हार पडला, तो उचलायला हे वाकले, वर केलेला हात त्यापायी खाली आला, मी डोळ्यांनी बघितलं. चंदरनं मान हलवली. मग म्हणाला, “वहिनी, माझी समजूत घालू नका. तुमच्यावर एवढं कोसळलंय आन् तुमी माझंच बघताय. पन मल्हारी फुलासाठी वाकला? जो देवापुढं नाय वाकला? मी वळखत नव्हतो का त्याला?” हात जोडून तो उठला, आणि पुन्हा कधी उंबरा चढला नाही. त्यानं जीप विकली, बाकीच्यांनी विकली, रविवार संपले. एकटी हीच जीप उरली, कडुनिंबाखाली, ताडपत्रीत.

मी वळखत नव्हतो का त्याला? हे वाक्य लताला लागलं ते लागलंच. दुःख तर होतंच, ते सगळ्या बायकांना असतं तसं, रात्री उशीला तोंड लावून रडण्याचं. पण त्याच्या आत तिनं एक गोष्ट जपून ठेवली होती. तो तिच्या फुलांसाठी वाकला. आयुष्यभर एक गोड शब्द न बोललेला माणूस, स्वतःचाच नियम मोडून, स्वतःच्या दोराच्या आत शिरून, लताचा हार चिखलात पडू नये म्हणून वाकला. तिच्या हारानं तो गेला, हेही तिनं त्याच्याबरोबरच पदरात घेतलं होतं. एक घ्यायचं तर दुसरं घ्यावंच लागतं. ऑफिसात टपालावर शिक्के मारताना, रॉकेलच्या रांगेत, कुंदाच्या वेण्या घालताना तिला ते मडगार्ड दिसायचं आणि तो हात, आणि छातीत दुखायचं आणि दुखण्याच्या तळाशी काहीतरी ऊब असायची. तेवढ्यावर ती सात वर्षं उभी होती. आणि हा चंदर म्हणतो, वाकलाच नाही. वाकला नाही तर मग तिनं काय बघितलं? कुणाचा हात? आणि वाकला नाही तर तिचं काय उरलं, एक ताडपत्री आणि एक पोचा? कितीदा तिला वाटलं, पिंपळगावची एसटी धरावी, बागेत जाऊन त्या माणसाच्या खांद्याला धरून गदागदा हलवावं आणि म्हणावं, माना. माझ्यासाठी माना. गेली नाही. आणि आज तो तिच्यापासून हाकेच्या अंतरावर उभा राहून मल्हारीचे शब्द ओरडत होता.

दोर आता बांधून झाला होता. चंदरनं दोन रिकामी गोणपाटं पाण्यात भिजवून दोराच्या मधोमध टाकली, लोक पुन्हा हसले. टेम्पोवाल्याला त्यानं आत बसवलं, काच वर करायला लावली. ट्रकवाल्याला ओरडून सांगितलं, “हात वर हाय तवर थांबायचं! खाली आला की ओढायचं! हळू!” ट्रकवाल्यानं खिडकीतून मान हलवली. चंदर दोराच्या बाजूला झाला आणि त्यानं हात वर केला. लताच्या नकळत तिचे ओठ हलले, आणखी मागं, भाऊजी, आणखी मागं. टेम्पोच्या टपाला पुढून एक हार बांधला होता, कालचाच असावा, सणाला गाडी सजवलेली. टेम्पोवाल्यानं इंजिन सुरू केलं तसा सगळा सांगाडा थरथरला आणि हाराचं एक टोक सुटलं. काचेवरून घसरत तो खाली आला, बंपरवर अडला, आणि तिथून सुटून थेट पुढच्या चाकासमोर, दोराच्या शेजारी, धुळीत पडला. लतानं ते बघितलं. आणि तिनं हेही बघितलं की चंदर पुढं झाला. दोन ढांगा. धावला नाही, विचार करत थांबला नाही, तोंडावर काही फरक नाही. दोराच्या आत गेला आणि वाकला, आणि त्याचा हात खाली आला.

“भाऊजी!”

तिचा आवाज कुणाला पोचला देव जाणे. ट्रकनं ओढलं. सैल दोर उठून ताठ झाला, गोणपाटं हवेत उडाल्यासारखी वर आली, दोर चंदरच्या पोटरीला घासत सरळ झाला आणि करकरला. एक क्षण, आणि टेम्पो खोल आवाज करून चराबाहेर आला, चंदर कडेला कोलमडला. दोर टिकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी चंदरला उठवलं, कुणी म्हणालं, “काय ओ तात्या, दुसऱ्याला शिकिवता आन् सोता मदी जाता?” पुन्हा हशा. चंदर हातातल्या हाराकडे बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि गर्दीत शोधलं, कोण ओरडलं ते, आणि त्याला लता दिसली.

तो लंगडत तिच्याकडे आला. पँट पोटरीवर फाटली होती, आत लाल. लताला वाटलं, हा आता पडेल. “बसा भाऊजी,” ती म्हणाली, आणि त्याला एका रिकाम्या हातगाडीच्या दांडीवर बसवलं, कुणाकडून तरी पाणी मागून आणलं. या वेळी तो पाणी प्यायला.

“वहिनी,” तो म्हणाला, “मी वाकलो.”

“बघितलं मी.”

“मला कळलंबी नाय. फुलं खाली पडली, पायाखाली येतील, चाक जाईल वरून... नाय, एवढंबी डोक्यात आलं नाय. हातच गेला. मी, वहिनी! सात वर्सं जो झोपेत दोर दिसला की वरडतो, त्यो मी दोरात गेलो!” त्याचे खांदे हलायला लागले. पूर्वी हसताना हलायचे तसेच, पण तो हसत नव्हता. “तुमी तेव्हा सांगत होता. मी म्हनलं, वहिनी माझ्यावर दया करताय. मल्हारी काय फुलाला वाकनारा गडी नव्हता. पन वाकला असंल, वहिनी. वाकलाच असंल. देव मानो न मानो. फुल पडलं की मानूस वाकतोच. त्याला तरी कुठं कळलं असंल? माझ्यासारखंच. हात खाली आला. मी खोटं नव्हतो बोलत.” तो तोंड झाकून भर बाजारात रडला, लहान पोरासारखा, हमसून हमसून, आणि मधेच डोळे पुसत म्हणत राहिला, मानूस वाकतोच, मानूस वाकतोच.

लता त्याच्यासमोर उभी होती. हेच तर हवं होतं ना? एसटी न धरता, खांदा न हलवता, हा माणूस मान्य करत होता. वाकला. मल्हारी वाकला. पण तो म्हणत होता ते काय? माणूस वाकतोच. कुणाचाही हार. टेम्पोवर बांधलेला, कुणा परक्यानं ओवलेला, कालचा सुकलेला. त्याच्यासाठी हा पिकल्या केसांचा माणूस जिवावर उदार होऊन दोराच्या आत गेला आणि त्याला कळलंसुद्धा नाही. मग मल्हारीला काय कळलं असणार? लताचा हार म्हणून वाकला, की पडलेली फुलं म्हणून? तो मडगार्डवरचा हात तिला पुन्हा दिसला, घड्याळ, बाहीची दुमड, आणि पहिल्यांदाच तो कुणाचाही हात असल्यासारखा दिसला. नाही, असं ओरडावंसं वाटलं तिला. तुमचं वेगळं आणि ह्यांचं वेगळं. ते माझ्यासाठी वाकले. एवढं तरी माझं राहू द्या हो. ओठांपर्यंत आलं होतं. मग तिनं चंदरच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. सात वर्षांत हे असे झाले होते.

“हो भाऊजी,” ती म्हणाली. “माणूस वाकतोच. तुमची चूक नव्हती.”

चंदरनं तिच्या पायाला हात लावला. तिनं मागं व्हायचा प्रयत्न केला, पण गर्दी होती. तो म्हणत होता, दिवाळीला येतो वहिनी, द्राक्षं आली की पेटी घेऊन येतो, कुंदी केवढी झाली आता? ती हो हो म्हणत होती. लोक आपापल्या वाटेला लागले होते. चर तसाच उघडा होता आणि टेम्पो निघून गेला होता.

घरी येऊन ती अंगणात, कडुनिंबाखालच्या दगडावर बसली. ताडपत्रीचं एक टोक वाऱ्यानं उडालं होतं, त्याखालून बॉनेटचा पोचा दिसत होता. तिनं तो झाकला नाही. परातीत फुलं ओतली, सुई ओवली, आणि पहिला पदर सुरू केला, झेंडू, झेंडू, मधे शेवंती. हात विसरले नव्हते. मग परातीच्या काठावरून एक फूल घरंगळलं आणि अंगणात, तिच्यापासून हातभर लांब जाऊन थांबलं. टपोरं, केशरी. तिचा हात निघाला होता. तिनं तो धरला. दुसऱ्या हातानं मनगट पकडून मांडीवर दाबून ठेवला. बघू या ना, तिनं स्वतःशी म्हटलं. माणसाला थांबता येतं का बघू या. मला थांबता आलं तर त्यालाही येत होतं, आणि येत असून तो थांबला नाही, म्हणजे मग माझ्यासाठीच. असला हिशेब कुणी करतं का? पण ती करत होती, तोंडाला कोरड पडेपर्यंत. फुलावर ऊन आलं. एक मुंगळा पाकळीवर चढला आणि उतरला. तिच्या खांद्यात कळ यायला लागली, तरी ती हलली नाही. येतंय की थांबता. येतंय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यातून ती जवळजवळ हसली.

फाटक वाजलं. कुंदा लुनावरून आत आली, दोन्ही पाय पसरून, पोरकटासारखी, “आई, झाला का हार?” म्हणत, नेहमीच्या वेगानं, नेहमीच्या वाटेनं, कडुनिंबाकडे. पुढचं चाक सरळ त्या फुलावर चाललं होतं.

आणि लताचा हात खाली आला.

ब्रेक किंचाळला. “आई! वेडी आहेस का?” कुंदा पांढरीफटक पडली होती. “चाकाखाली हात घालतात का? एका फुलासाठी?” लता फूल मुठीत धरून तशीच वाकलेली राहिली, कपाळ जवळजवळ मातीला टेकलेलं, आणि किती तरी वेळ तिला सरळ होता येईना.